सस्पेन्शन परत जोडताना बोल्टला ग्रीस लावायचं की कोरडाच ठेवायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की बाईकचं मागचं सस्पेन्शन खोललं, लिंकेजचे (शॉक आणि मागचं चाक धरणारा दांडा म्हणजे स्विंगआर्म यांना जोडणाऱ्या हलत्या तुकड्यांचे) बोल्ट लालभडक गंजलेले निघाले, एक तर ठोकून ठोकून काढावा लागला, आता नवीन बेअरिंग आणि दोन नवीन बोल्ट आणून ठेवलेत आणि जोडायच्या आधी दोन मेकॅनिकनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या. एक म्हणतो आपल्याकडे खारं वारं आहे, सगळीकडे ग्रीस थापा. दुसरा म्हणतो सस्पेन्शनच्या बोल्टला तेलाचा थेंबही नको, नट सुटून रस्त्यात पडेल. गाडी वेळणेश्वर-गुहागर पट्ट्यात फिरते, सड्यावर कातळात पण जाते आणि कधी कधी वाळूत पण, एवढं तुम्ही लिहिलंय. मॉडेल नाही लिहिलं, त्यामुळे टॉर्कचे (नट किती जोराने आवळायचा त्याचे) आकडे मी तुमच्या गाडीसाठी देऊ शकत नाही, ते मॅन्युअलमधूनच घ्या. बाकी सांगतो.

दोघंही अर्धं बरोबर बोलतायत. गडबड अशी होते की "बोल्टला ग्रीस" म्हटलं की आपण सगळा बोल्ट एकच वस्तू धरतो. बोल्टला तीन जागा असतात, मधली सपाट दांडी, टोकाचे आटे, आणि डोक्याखालची बसायची जागा. तिघांचं उत्तर वेगवेगळं आहे.

आधी एक गोष्ट क्लिअर करू, लिंकेजमध्ये बोल्ट फिरतच नाही. हिमालयन किंवा एक्सपल्ससारखी लिंकेजवाली गाडी असेल तर आतली रचना साधारण अशी असते की लिंकमध्ये निडल बेअरिंग (बारीक सुयांसारख्या रोलरचं) बसवलेलं, त्याच्या आत एक स्टीलची कॉलर म्हणजे स्लीव्ह, आणि त्या कॉलरच्या पोटातून बोल्ट. (केटीएम ३९० ॲडव्हेंचरला लिंकेजच नाही, शॉक सरळ स्विंगआर्मवर, तिकडे हा विषय वरच्या-खालच्या दोन बोल्टपुरताच.) नट आवळला की कॉलर दोन बाजूंच्या कानांमध्ये (बोल्ट ज्यांच्या भोकांतून जातो त्या भागांमध्ये) दाबून पक्की धरली जाते, ती आणि बोल्ट एकजीव होतात आणि सगळी हालचाल कॉलरच्या बाहेरच्या अंगावर, सुयांवरून होते. म्हणजे सस्पेन्शन मऊ चालावं म्हणून जे ग्रीस लागतं ते सुयांमध्ये लागतं. बोल्टला लावलेल्या ग्रीसने सस्पेन्शन तसूभरही स्मूद होत नाही, त्याचं काम एकच, पुढच्या वर्षी तो बोल्ट हाताने बाहेर यावा.

आणि आपल्याकडे ते काम छोटं नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, ते वाऱ्याबरोबर उडतं, गाडी वाळूत नेली नाही तरी किनाऱ्यालगतच्या घरात नुसती उभी असली तरी मीठ बसतंच. वर पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. बोल्ट आणि कॉलर यांच्यात केसाएवढी फट असते, पाणी त्यात ओढलं जातं आणि बाहेर यायला वाट नसते. असा बोल्ट काढला की बघा, गंज सगळीकडे सारखा नसतो. कॉलर जिथे संपते आणि कान जिथे सुरू होतो तिथे दोन्ही बाजूला तपकिरी कडं असतं, डोक्याजवळचा भाग बऱ्यापैकी चकचकीत असतो, आणि कान ॲल्युमिनियमचा असेल तर त्या कड्याला लागून पांढरी पिठासारखी भुकटी असते. ती भुकटी म्हणजे ॲल्युमिनियम खाल्लं जातंय. स्टील आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून आणि मधे खारं पाणी, की बॅटरीसारखा प्रकार सुरू होतो आणि त्यात ॲल्युमिनियम मरतं. वर त्या भुकटीला मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागते, म्हणून ती बोल्टला आवळून धरते. तुमचा जो बोल्ट ठोकावा लागला तो बहुतेक असाच धरला गेला असणार, आट्यांचा त्यात काही संबंध नसेल.

म्हणून दांडीला ग्रीस नेहमी लावायचं. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नसलं तरी लावायचं, निदान आपल्या किनाऱ्यावर तरी. दांडी नटाला धरत नाही, तिथे ग्रीस असल्याने नट सुटत बिटत नाही. किती लावायचं तर घावन घालताना तव्याला तेल पुसतात ना, तेवढंच. बोटाने फिरवा, खालचा धातू दिसत राहिला पाहिजे पण कोरडी जागा कुठे नको. कॉलरच्या आतूनही असंच, एखादी काडी चिंधीत गुंडाळून फिरवा. मोठा गोळा लावून बोल्ट घुसवला की तो सगळा दुसऱ्या बाजूला ढकलला जाऊन नेमका आट्यांवर येऊन बसतो आणि मग बाहेर राहिलेल्या ग्रीसवर आपली लाल धूळ चिकटते.

आता आटे. इथे तुमच्या दुसऱ्या मेकॅनिकचं म्हणणं मनावर घ्या, फक्त कारण वेगळं आहे. नट आवळताना आपण जो जोर लावतो त्यातला साधारण निम्मा डोक्याखालच्या किंवा नटाखालच्या घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि फक्त दहाएक टक्के बोल्ट ताणायला लागतो, आणि जोड धरून ठेवतो तो तेवढा ताणच. टॉर्क रेंच ताण मोजत नाही, तो एकूण जोर मोजतो. घर्षण कमी केलं की तोच आकडा लावून ताण कितीतरी वाढतो. उदाहरण म्हणून दहा एमएमचा बोल्ट घ्या, डोक्यावर ८.८ ही ताकदीची खूण कोरलेली, आणि ४४ न्यूटन मीटर टॉर्क. आटे कोरडे असले तर ताण येतो साधारण २,२०० किलोचा. तेल किंवा ग्रीस असेल तर ३,००० च्या जवळ. कॉपर अँटीसीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची तांब्याची पेस्ट) चोपडलं असेल तर ३,७०० च्या आसपास जाऊ शकतो. आणि त्या बोल्टची कायमचं न ताणता सहन करायची हद्द आहे जवळपास ३,४०० किलो. म्हणजे तुम्ही टॉर्क रेंचची टिक्क ऐकून समाधानाने पाना खाली ठेवता आणि बोल्ट आत आधीच ओढला जाऊन लांब झालेला असतो. हे आकडे अंदाजाचेच, घर्षण प्लेटिंगवर, वॉशरवर, आट्यांच्या फिनिशवर बदलतं, पण फरक कुठल्या पट्टीतला आहे ते कळावं म्हणून दिले.

मग आट्यांना लावायचं की नाही? मॅन्युअल जे म्हणेल ते. हे टाळायला म्हणून सांगत नाही, काही कंपन्या लिंकेजच्या किंवा ॲक्सलच्या नटाला स्पष्ट लिहितात की आट्यांना ग्रीस लावा, आणि मग त्यांनी दिलेला टॉर्क ग्रीस धरूनच दिलेला असतो. तिथे कोरडा आवळलात तर उलट ताण कमी पडतो. काही ठिकाणी थ्रेडलॉकरचं (आटे चिकटवून धरणाऱ्या द्रवाचं) चिन्ह असतं, तिथे आटे एकदम स्वच्छ कोरडे हवेत. आणि जिथे काहीच लिहिलेलं नाही तिथे आकडा स्वच्छ कोरड्या आट्यांसाठी आहे असं धरायचं. कोरडे म्हणजे नवीन बोल्ट पाकिटातून निघतो तसे, त्यावर हलका तेलाचा हात असतो तो चालतो, रॉकेलने धुऊन वाळवंट करायची गरज नाही.

माझ्या गॅरेजात मी काय करतो ते सांगतो, हे माझं मत आहे, कोणी वेगळं करत असेल तर त्याच्याशी भांडण नाही. आरपार जाणारा बोल्ट आणि पलीकडे स्टीलचा नट असेल आणि मॅन्युअल गप्प असेल तर आटे मी कोरडेच ठेवतो, पूर्ण टॉर्क देतो, आणि नट बसल्यावर बाहेर डोकावणाऱ्या आट्यांवर आणि नटावर वरून ग्रीसचा हात फिरवतो. गंज बाहेरूनच येतो, तो वरच्या थराने थांबतो, आणि टॉर्कचा हिशोबही बिघडत नाही. पण स्टीलचा बोल्ट सरळ ॲल्युमिनियमच्या आट्यांत जात असेल, तर कोकणात तो कोरडा ठेवायला माझा हात धजत नाही. तिथे थ्रेडलॉकर सांगितलेलं असेल तर प्रश्न मिटला, कारण मिडीयम थ्रेडलॉकर सुकल्यावर आट्यांमधली फट भरून टाकतं, पाणी जायला जागाच राहत नाही. सांगितलेलं नसेल तर पातळ थर लावून टॉर्क साधारण वीस टक्के कमी करतो. अँटीसीझ असेल तर अजून थोडा कमी, तीसच्या आसपास.

नट सुटायच्या भीतीबद्दल. ग्रीस लावलं म्हणून नट आपोआप घसरून सुटतो असं नाही. जंकर नावाच्या जर्मन इंजिनिअरने १९६९ साली दाखवून दिलं की बोल्ट सुटतात ते मुख्यतः जोडलेले दोन भाग आडवे एकमेकांवर सरकतात तेव्हा, आणि भाग सरकतात कधी तर ताण कमी असतो तेव्हा. म्हणजे नट सुटून पडला की आधी विचारायचं तो पुरेसा आवळला होता का, कॉलरची तोंडं स्वच्छ होती का, मधे रंगाचा किंवा चिखलाचा थर राहिला होता का. हा मुद्दा लिंकेजमध्ये फार मोठा आहे. कॉलरच्या तोंडावर सुकलेला चिखल राहिला तर आवळताना तो दाबला जातो, पहिल्या ट्रेलला चुरा होऊन निघून जातो आणि तिथला ताण गेला. दोष बिचाऱ्या ग्रीसवर. म्हणून कॉलरची दोन्ही तोंडं आणि कानांच्या आतल्या बाजू चिंधीने पुसून, बोट फिरवून बघा. तिथे ग्रीसही नकोच, थोडं लागलं तर आकाश कोसळत नाही पण मुद्दाम लावू नका.

डोक्याखाली किंवा नटाखाली काही लावू नका, मॅन्युअल सांगत असेल तरच. वर बघितलंत ना, निम्मा जोर तिथेच जातो, तिथे ग्रीस लागलं की हिशोब आट्यांपेक्षाही जास्त बिघडतो. आणि आवळताना जी बाजू फिरते तिथलं घर्षण मोजलं जातं, म्हणून शक्यतो डोकं धरून नट फिरवा, टॉर्क रेंच नटावर.

इथे एक प्रॅक्टिकल अडचण येते जी कोणी सांगत नाही. बोल्टची दांडी ग्रीस लावून कॉलरमधून सरकवली की आधी आटेच आत जातात, ते कॉलरमधलं ग्रीस गोळा करतच पलीकडे निघतात. म्हणजे तुम्ही कितीही ठरवलं की आटे कोरडे ठेवणार, ते कोरडे राहत नाहीत. उपाय सोपा, बोल्ट पलीकडे पूर्ण बाहेर आला की नट लावायच्या आधी पेट्रोलमध्ये किंवा ब्रेक क्लीनरमध्ये भिजवलेल्या चिंधीने आटे पुसून घ्या, चिंधी आट्यांत बसवून बोल्ट दोन वेळा फिरवा, मग कोरड्या चिंधीने. मिनिटभराचं काम आहे. बोल्ट आत घालताना हळूहळू फिरवत घाला, ठोकू नका. अडतोय म्हणजे लिंक किंवा चाक एका रेषेत नाही, स्विंगआर्म थोडं वरखाली करा, बोल्ट हाताने जाईल. हाताने गेला पाहिजे.

आंधळं भोक, म्हणजे पलीकडे बंद असलेलं, तिथे विशेष सांभाळा. तळाशी ग्रीस किंवा तेल साठलं असेल तर बोल्ट त्याला दाबतो, ते जाणार कुठे, टॉर्क लागल्यासारखा वाटतो पण बोल्ट बसलेलाच नसतो, आणि जोर केला तर कास्टिंगला तडा पण जाऊ शकतो. असं भोक आधी काडीला कापूस गुंडाळून साफ करा, लावायचं असेल ते बोल्टच्या आट्यांना, भोकात नाही.

ग्रीस कुठलं हा तुमचा पुढचा प्रश्न होता. दुकानात मिळणारं साधं एपी-३ लिथियम ग्रीस वाईट नाही, ट्रकवाल्यांचं आयुष्य त्यावर जातं, पण खाऱ्या पाण्यापुढे ते लवकर धुपतं. बेअरिंगसाठी थोडे जास्त पैसे घालून वॉटरप्रूफ ग्रीस घ्या, डब्यावर कॅल्शियम सल्फोनेट किंवा मरीन असं लिहिलेलं. रत्नागिरीला मिरकरवाड्यात, हर्णैला, मालवणला आऊटबोर्ड इंजिनाची कामं करणाऱ्यांकडे चौकशी करा, होड्यांच्या प्रोपेलर शाफ्टला लावायला त्यांना असलं ग्रीस लागतंच. खाऱ्या पाण्यात लोखंड कसं टिकवायचं हे मोटरसायकलवाल्यांपेक्षा त्या लोकांना जास्त कळतं. एकच ग्रीस सुयांना आणि दांडीला दोन्हीकडे वापरलं तरी चालतं. फक्त जुनं ग्रीस पूर्ण धुऊन काढा, वेगवेगळ्या जातीची ग्रीसं एकमेकांत मिसळली की कधी कधी पातळ होऊन वाहून जातात.

काळं ग्रॅफाईट ग्रीस मात्र ॲल्युमिनियमजवळ नेऊ नका. हे सगळ्या हार्डवेअरवाल्यांकडे मिळतं, स्वस्त आहे, लोक बिनधास्त लावतात. ग्रॅफाईट आणि ॲल्युमिनियम आणि खारं पाणी हे त्रिकूट स्टीलपेक्षा वाईट, ॲल्युमिनियम जास्तच जोरात खाल्लं जातं. कॉपर अँटीसीझचंही थोडं तसंच, ते सायलेन्सरच्या स्टडला ठीक, लिंकेजला नको. अँटीसीझच लावायचं असेल तर निकेलवालं किंवा ॲल्युमिनियमवालं बघा. आणि डब्ल्यूडी-४० हे वंगण म्हणून धरू नका, पाणी हाकलायला आणि जाम सोडवायला छान आहे, पण ते उडून जातं, त्याच्या भरवशावर गाडी पावसाळ्यात ढकलू नका.

बेअरिंगबद्दल, कारण खरा मलिदा तिथे आहे. नवीन बेअरिंग पाकिटातून येतं तेव्हा त्यात बहुतेक वेळा गंज लागू नये एवढंच तेल असतं, ते तसंच बसवू नका, सुयांच्या मधे मधे बोटाने ग्रीस दाबून भरा. काही बेअरिंगना पिंजरा नसतो, कॉलर ओढली की सुया भसाभस खाली पडतात, तेव्हा खाली पांढरं कापड किंवा ट्रे ठेवूनच काम करा, एक सुई कमी झाली तरी बाकीच्या तिरक्या होतात. घट्ट ग्रीस त्या सुयांना जागेवर धरून पण ठेवतं. बेअरिंग व्हाइसमध्ये सॉकेट धरून दाबत बसवा, हातोडी मारून नाही, आणि ऑईल सील बसायला कडेला जागा ठेवा. सीलच्या ओठालाही ग्रीस लावा. जांभ्याची ती लाल माती ग्रीसमध्ये गेली की व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टचं काम करते, कॉलरवर सुयांच्या रेघा पडतात. जुनी कॉलर नखाने चाचपून बघा, नख अडकलं तर ती बदलाच, नवीन बेअरिंगमध्ये जुनी रेघाळलेली कॉलर घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

आणि तुमच्या शॉकच्या डोळ्यात रबरी बुश असेल तर तिथे साधं ग्रीस नको, रबर फुगतं. सिलिकॉन ग्रीस लावा किंवा कोरडंच ठेवा. असल्या जागी शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी करून, वजन पडलेलं असताना करायचं, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं. निडल बेअरिंग असेल तर कधीही आवळा, फरक पडत नाही.

पुढच्या फोर्कचं तुम्ही विचारलं नाहीत पण जाता जाता, तिथे उलटं धोरण. टीचे (फोर्कच्या नळ्या धरणाऱ्या तुकड्याचे) पिंच बोल्ट आणि ॲक्सलचे पिंच बोल्ट छोटे, बहुतेक आठ एमएम, ॲल्युमिनियमच्या आट्यांत, आणि ते नळी दाबून धरतात. तिथे ग्रीस लावून पूर्ण टॉर्क दिला की क्लॅम्प नळीला जास्त आवळतो आणि फोर्क अडखळायला लागतो, मग लोक तेल बदलतात, सील बदलतात, दोष सापडत नाही. मॅन्युअलप्रमाणेच, आळीपाळीने थोडं थोडं, एक झालं की दुसरं, परत पहिलं. अर्ध्या इंची मोठा टॉर्क रेंच जो २८ पासून २१० न्यूटन मीटरपर्यंतचा मिळतो, तो याला वापरू नका, रेंजच्या तळाला त्याचा भरवसा नाही, छोटा वेगळा घ्या किंवा कोणाकडून आणा. ॲक्सलच्या दांडीला पातळ ग्रीस, पिंच आवळायच्या आधी ब्रेक धरून फोर्क चार-पाच वेळा दाबा म्हणजे नळ्या आपापल्या जागी येतात. कॅलिपर आणि डिस्कच्या बोल्टजवळ ग्रीसची बोटं घेऊन जाऊ नका, एवढंच.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर दांडी आणि कॉलरच्या पोटात पातळ ग्रीस कायम, आटे मॅन्युअलप्रमाणे, मॅन्युअल गप्प असेल तर कोरडे आणि नंतर वरून हात, ॲल्युमिनियमच्या आट्यांत थ्रेडलॉकर किंवा पातळ थर आणि कमी टॉर्क, डोक्याखाली काही नाही, आणि दिलदारपणा सगळा सुयांसाठी राखून ठेवा.

नायलॉकचा, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेला नट असेल तर नवीन घ्या. जुना हाताने शेवटपर्यंत सहज फिरत गेला तर त्यातलं नायलॉन मेलेलं आहे. आणि बोल्ट गंजतो म्हणून हार्डवेअरमधून स्टेनलेसचा आणायचा मोह आवरा. साधा स्टेनलेस ए२-७० लिहिलेला बोल्ट ८.८ पेक्षा कमी ताकदीचा असतो, ८.८ वाकायला लागतो ६४० मेगापास्कलला आणि हा ४५० ला, शिवाय स्टेनलेसवर स्टेनलेसचा नट आटे चावून तिथेच जाम होतो, आणि ॲल्युमिनियमला तो साध्या स्टीलपेक्षा जास्त खातो. चमकतो छान. साईड पॅनलला लावा.

धुण्याबद्दल. वाळूतून किंवा फेरीबोटीवरून आल्यावर, दाभोळ-धोपावेला लाटांचा शिडकावा बऱ्यापैकी होतो, गोड्या पाण्याने बादली-मगाने धुवा. किनाऱ्याजवळची बोअर किंवा विहीर मचूळ असेल तर त्या पाण्याने धुऊन काही उपयोग नाही. वॉशिंग सेंटरला प्रेशरचा पाईप लिंकेजवर जवळून मारू देऊ नका, सीलमधून पाणी आत जातं आणि आतच राहतं. आणि वाळूत गाडी घालण्याबद्दल एक सांगायचं राहिलं, आपल्या बाजूला गुहागर, अंजर्ले, वेळास इथे थंडीपासून कासवं अंडी घालायला येतात, त्या महिन्यांत पुळणीवर गाडी नेऊच नका, बेअरिंगही वाचेल.

उघडायचं कधी, तर तुमच्यासारखा वापर असेल तर पावसाळा संपला की एकदा, म्हणजे दसऱ्याला गाडीला हार घालायच्या आधी. किनाऱ्यावर जास्त फिरवत असाल तर मे महिन्यात पण एकदा दांड्या काढून पुसून परत ग्रीस लावा, बोल्ट मोकळे असले की हे तासाभराचं काम आहे. जोडल्यावर प्रत्येक नटावर आणि बाजूच्या कानावर पेंटची एक सरळ रेघ मारून ठेवा, पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतर रेघ तुटली नाहीये ना बघा.

राहिला तो ठोकून काढलेला जुना बोल्ट, परत वापरू का विचारलंत. टेबलाच्या काचेवर लोळवून बघा, थडथडत गेला तर वाकलाय, टाकून द्या. सरळ असेल तर बारीक चारशेच्या पॉलिश पेपरने वरवरचा गंज काढा आणि दांडीवर खड्डे दिसतात का बघा, खड्डे असतील तरी टाकून द्या, बोल्ट तिथूनच तुटतो आणि खड्ड्यात पाणी परत धरतं. टोकाचे आटे हातोडीने बसले असतील तर नट हाताने चढवून बघा, शेवटपर्यंत हाताने गेला तर ठीक. जिथे वरच्या-खालच्या शॉकच्या बोल्टपैकी एकच नवीन आणलाय तिथे मी असतो तर दुसराही मागवला असता, दुकानात नसेल तर चार दिवस गाडी उभी ठेवा. मागवताना मोनोशॉकचा बोल्ट असं न सांगता पार्ट नंबर सांगा, लांबी तीच असली तरी सपाट दांडीची लांबी वेगळी निघाली तर आटे कॉलरच्या आत येतात आणि कान आट्यांवर टेकतो.